बालकांचा लठ्ठपणा : परीक्षा आणि उपचार

ग्रामीण प्राथमिक शाळेच्या संदर्भात मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला, तर तो प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ज्या वर्गात बरगड्या मोजता येतील अशी मुले समोर बसलेली असतात, तेथे शिक्षकाने चिंता वाहावयाची ती कृशतेची. मेद हा शहरातील सुखवस्तू घरांचा प्रश्न होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के मुले कृश आढळली, तर अतिवजनाची मुले सुमारे ४ टक्केच होती. परंतु त्याच सर्वेक्षणात मुलांचे रक्तही तपासण्यात आले होते, आणि शाळकरी वयाच्या दर १० मुलांपैकी जवळजवळ एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसून आले. अतिवजन चार टक्के आणि साखरेचा दोष दहा टक्के, हे गणित वरवर पाहता जमत नाही. ते जमते कसे, हे समजून घेतल्यावाचून या विषयातील पुढील कोणतीही गोष्ट नीट उलगडणार नाही.

याचे उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच, पुण्याजवळील सहा खेड्यांत झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या साहाय्याने १९९३ साली या गावांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. शेतात राबणाऱ्या या माता आहारात काय घेतात, काम किती करतात आणि त्यांची बाळे जन्मतः कशी असतात, हे बारकाईने नोंदण्यात आले. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. इतके अंतर असता भारतीय बाळ प्रत्येक बाबतीत त्याच प्रमाणात लहान असेल, अशी अपेक्षा करणे साहजिक होते. प्रत्यक्षात मात्र स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ खुंटलेली, आणि पाठीच्या कातडीखालील चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असे दृश्य दिसले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा बाळास ‘कृश-मेदयुक्त’ असे नाव देण्यात आले. गर्भात पोषण तोकडे पडले की शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि मेद जपून ठेवते. दुष्काळाची सवय झालेल्या घराने कणगी आधी भरावी आणि घराची डागडुजी मागे ठेवावी, तसा हा प्रकार आहे. पुढे अशा मुलास भरपूर व सोपे अन्न मिळू लागले, की वाढ होते ती प्रथम मेदाची.

प्रौढपणी याचा परिणाम काय होतो, ते डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची मापे शेजारी शेजारी मांडून दाखविले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. तथापि युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. वजनकाट्यावर दोघे समान. आतून मात्र भिन्न. म्हणूनच आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ पाश्चात्त्य मुलांसाठी ठरविलेल्या रेषेपेक्षा खालच्या रेषेवर सावध होतात, आणि म्हणूनच ‘आमचा मुलगा काही फार जाड नाही’ या पालकांच्या उद्गाराने त्यांचे समाधान होत नाही.

महाराष्ट्रातील चित्र पालटू लागल्याची चिन्हेही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्याच वेळी वयाच्या मानाने ठेंगणी असलेली बालके ३५ टक्क्यांहून अधिक होती. म्हणजे एक संकट जाऊन दुसरे आले असे घडलेले नाही. दोन्ही एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात नांदत आहेत. जगाचा विचार केला तर युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे ५ ते १९ वर्षे वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) वर गेले.

आता वैद्य या प्रश्नाची परीक्षा कशी करतो ते पाहू. नजरेवर येथे विश्वास ठेवता येत नाही. गोबऱ्या गालांचे मूल निरोगी आणि चपळ मूल अशक्त, असे मानणारी नजर घराघरांत आहे. आणि सभोवती सारीच मुले काटकुळी असली, की बेताच्या बांध्याचे मूलही जाड भासते. म्हणून वैद्यकात निर्देशांक वापरतात. वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा, आणि वजनास त्या वर्गाने भागावे. ही कल्पना मुळात बेल्जियमचे गणिती केटले यांनी १८३२ साली मांडली. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आजचे नाव तिला १९७२ मध्ये मिळाले. समजा, चौथीतील नऊ वर्षांच्या एका मुलीची उंची १३५ सेंटिमीटर आणि वजन ४० किलो आहे. १.३५ चा वर्ग १.८२२५, त्याने ४० ला भागले असता २१.९ येतात. प्रौढ स्त्रीचा निर्देशांक २१.९ असेल तर चिंतेचे कारण नाही. नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या कोष्टकानुसार या वयाच्या मुलीचा मध्यम निर्देशांक सुमारे १६, अतिवजनाची सीमा १८.३ आणि लठ्ठपणाची सीमा २१.५ आहे. ही मुलगी लठ्ठपणाच्या सीमेपलीकडे गेली आहे. वयाबरोबर या सीमा वर सरकत जातात आणि एकोणिसाव्या वर्षी प्रौढांच्या २५ व ३० या अंकांजवळ येऊन ठेपतात. मुलामुलींची कोष्टके वेगळी असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले. त्यांत अतिवजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढपणीच्या अनुक्रमे २३ आणि २७ या अंकांना मिळेल अशी आखलेली आहे. ती खालची रेषा का, हे वर आलेच आहे.

या हिशेबात उंचीचा वर्ग होतो, ही गोष्ट शिक्षकाने विशेष ध्यानात घ्यावी. कारण शाळेतील उंचीच्या नोंदी बहुधा घाईत घेतलेल्या असतात. वरील मुलीची उंची तीन सेंटिमीटरांनी कमी, म्हणजे १३२ नोंदली गेली, तर निर्देशांक एकदम २३ होतो. उंची घेताना पायांत चप्पल नसावी. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीस टेकलेली असावी. नजर समोर असावी, हनुवटी वर उचललेली नसावी. वर बांधलेली वेणी किंवा अंबाडा सोडावयास सांगावा, आणि डोक्यावर पट्टी आडवी धरण्याऐवजी फळ्यावरील भूमितीचा मोठा काटकोन्या भिंतीस लावून टेकवावा. वजनकाटा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. तो खरा आहे की नाही, हे पाहण्यास पाच लिटर पाणी भरलेला डबा पुरेसा होतो. रिकाम्या डब्याचे वजन वजा जाता पाच किलो भरावेत. वयाविषयीही दक्षता हवी. दाखल्यावरील १ जून ही जन्मतारीख पुष्कळदा शाळेच्या सोयीची असते, हे शिक्षकांस सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या मुलाचे वय एका वर्षाने चुकले, त्याची सीमाही चुकते.

आणखी एक सोपी कसोटी आहे, तिला कोष्टक लागत नाही. पाच वर्षांवरील मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. एक दोरी मुलाच्या उंचीइतकी घेऊन तिची घडी घातली, आणि ती कमरेस पुरली नाही, तर पोटात मेद साठत आहे असे समजावे. अर्थात हे माप वर्गासमोर घ्यावयाचे नाही.

निर्देशांक हा केवळ दरवाजा होय. त्यातून आत गेल्यावर वैद्याची खरी परीक्षा सुरू होते, आणि तिच्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उंची. अन्न अधिक आणि हालचाल कमी यामुळे मेद वाढलेले मूल साधारणतः आपल्या वयाच्या मानाने उंच असते. त्याची वाढ जोरात चाललेली असते. याउलट मूल जाड होत आहे आणि उंची मात्र वर्षभर थांबली आहे, असे दिसले तर वैद्य सावध होतो. थायरॉईड ग्रंथीचा रस कमी पडणे, किंवा मूत्रपिंडावरील ग्रंथींचा रस अतोनात वाढणे, असे आजार त्यामागे असू शकतात. दम्यासाठी वा कातडीच्या विकारासाठी दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड औषधेही हाच परिणाम करतात. गावात मिळणाऱ्या काही निनावी पुड्यांत तीच औषधे मिसळलेली असण्याची शक्यता वैद्य नेहमी मनात ठेवतो. ‘मुलगी जाड होते, नक्की थायरॉईड असेल’ असे पालक सहज म्हणतात. उंची नीट वाढत असेल तर बहुधा ते नसते. शाळेच्या जुन्या नोंदवहीतील तीन वर्षांच्या उंचीच्या ओळी वैद्याच्या हाती पडल्या, तर कित्येक तपासण्यांचा खर्च वाचतो. दवाखान्यात त्या कोणाजवळ नसतात. असल्या तर त्या शाळेतच असतात.

यानंतर वैद्य मुलाची मान पाहतो. मानेच्या मागील बाजूस, काखेत, कधी कोपरांवर कातडी काळवंडलेली, जाडसर आणि मखमलीसारखी झालेली असते. वैद्यकात तिला ‘ॲकँथोसिस निग्रिकन्स’ म्हणतात. पोटातील आणि यकृतातील मेद वाढला, की इन्सुलिन या रसाचे शरीरावर चालेनासे होते. मग स्वादुपिंड तो रस दुपटीने तिपटीने निर्माण करू लागते, आणि त्या वाढीव रसामुळे कातडीच्या पेशी जोमाने वाढतात. म्हणजे मानेवरील तो काळा पट्टा हा पुढे येऊ घातलेल्या मधुमेहाने अगोदर पाठविलेला निरोप असतो. शाळेत त्याचा अर्थ काय केला जातो? स्वच्छतेच्या तपासणीत नखे, दात, मान पाहण्याची जुनी आणि चांगली प्रथा आहे. त्या तपासणीत अशा मुलाची मान सर्वांसमोर दाखविली जाते, ‘आंघोळ करतोस की नाही?’ असे विचारले जाते, आणि घरी गेल्यावर आई दगडाने किंवा घासणीने ती मान घासते. मळ असता तर निघाला असता. घासून कातडी सोलवटते आणि अधिक काळी होते. ज्या मुलास मदतीची गरज होती, त्याच्या पदरी शरमेची आणखी एक भर पडते. ओल्या फडक्याने हलकेच पुसून रंग जात नसेल, तर तो मळ नव्हे, एवढे शिक्षकास ठाऊक असले तरी पुष्कळ काम होईल.

वर्गात दुपारी पेंगणारे मूल हेही असेच गैरसमजास बळी पडणारे. गळ्याभोवती मेद वाढला आणि टॉन्सिल्स सुजलेल्या असल्या, की झोपेत श्वासाचा मार्ग अडतो. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून जागे होते, पुन्हा झोपते. रात्रभर निजूनही झोप झालेली नसते. अशा मुलास आळशी म्हणून बाकावर उभे करण्यापूर्वी ते रात्री घोरते काय, एवढे घरी विचारावे.

तिसरे लक्षण पायाचे. दहा ते सोळा या वयातील जड अंगाचे मूल लंगडू लागले, मांडी वा गुडघा दुखतो म्हणू लागले, तर दोष पुष्कळदा गुडघ्यात नसून खुब्यात असतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक वाढीच्या रेषेवरून घसरू लागते. असे मूल पळवू नये, चालवत नेऊ नये, तेल लावून मालीश करू नये. त्याच दिवशी वाहनाने रुग्णालयात न्यावे आणि गुडघ्याबरोबर खुब्याचेही क्ष-किरण चित्र घ्यावयास सांगावे. उशीर झाल्यास पाय कायमचा अधू होऊ शकतो. त्याचप्रमाणे फार तहान लागणे, वारंवार लघवीस जाणे आणि वजन भराभर उतरणे, किंवा सतत डोके दुखून दृष्टी अंधूक होणे, ही लक्षणे उद्यावर टाकण्याजोगी नाहीत.

रक्तदाब घेताना मुलाच्या दंडास साजेसा पट्टा वापरावा लागतो. आखूड पट्टा लावला तर दाब खोटाच जास्त दिसतो. त्यानंतर लठ्ठ मुलांत, मुख्यतः दहा वर्षांवरील वयात, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी चाचणी, रक्तातील मेद आणि यकृताची एक चाचणी एवढे साधारणपणे पुरते. याहून लांबलचक यादी हाती पडली, तर ती कशासाठी हे पालकांनी अवश्य विचारावे.

कारणांकडे वळताना एक पूर्वग्रह बाजूस सारणे अगत्याचे आहे. लठ्ठ मूल म्हणजे खादाड आणि आळशी मूल, असे समाज मानतो. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन नावाचा रस शोधून काढला. हा रस मेदाच्या पेशीच तयार करतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ अशी वर्दी मेंदूस देतात. १९९७ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडे आढळली. त्यांच्या शरीरात हा रस जन्मतःच तयार होत नव्हता. मेंदूस वर्दी मिळत नसल्यामुळे ती मुले अहोरात्र भुकेली असत आणि त्यांचे वजन अफाट वाढले होते. पुढे लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर त्यांची भूक शमली आणि वजन उतरले. त्या मुलांना कितीही रागावून उपयोग झाला नसता. असे दोष फार विरळा असतात, हे खरे. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला कमालीचा लठ्ठपणा, अनावर भूक, बौद्धिक मांद्य, जास्तीचे बोट किंवा रात्री न दिसणे अशी लक्षणे असतील तरच वैद्य त्यांचा शोध घेतो. परंतु भूक ही केवळ मनाच्या निर्धाराची बाब नाही, एवढे त्यांतून सिद्ध झाले आहे. आईबाप दोघेही स्थूल असतील तर मुलात ती प्रवृत्ती येते. त्यात जन्माचे वजन कमी असेल आणि पुढील वर्षांत ते एकाएकी वाढले असेल, तर धोका आणखी वाढतो.

प्रवृत्ती जुनी, तिला खतपाणी घालणारी परिस्थिती मात्र नवी आहे. खेड्यातील किराणा दुकानात आज दोरीवर टांगलेल्या चकचकीत पुड्यांची माळ असते. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांतून सुमारे ४५० कॅलरी मिळतात. शासनाच्या पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलास द्यावयाच्या पूर्ण जेवणाचे प्रमाणही ४५० कॅलरीच आहे. पण त्या जेवणात १२ ग्रॅम प्रथिने असतात, वरण असते, भाजी असते. बिस्किटांत प्रथिने त्याच्या निम्म्याच्या आसपास, बाकी मैदा, साखर आणि तेल. चहात बुडवून पुडा संपतो, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि तासाभराने भाकरी खावीशी वाटत नाही. अडीचशे मिलिलिटर शीतपेयात पाच चमच्यांहून अधिक साखर असते. गोष्ट गरिबीच्या विरुद्ध आहे असेही नाही. पाच-दहा रुपयांत मुलास गप्प करणारा यापेक्षा स्वस्त उपाय मजुरीस जाणाऱ्या आईपाशी नसतो. तिला दोष देऊन काही साधणार नाही. याच्या जोडीस शाळेपर्यंत मोटारसायकल आली, पटांगणाची जागा मोबाइलने घेतली, आणि निजण्याची वेळ अकरावर गेली. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप लागते. ती कमी पडली की भूक वाढते.

उपचाराचा विचार करताना पहिला प्रश्न असा, की वजन उतरवावयाचे किती? लहान मुलाच्या बाबतीत पुष्कळदा उत्तर असते, मुळीच नाही. वरील उदाहरणातील मुलीचे वजन ४० किलोवरच थोपवून धरले आणि दोन वर्षांत तिची उंची १३५ वरून १४६ सेंटिमीटर झाली, तर निर्देशांक २१.९ वरून १८.८ वर येतो; आणि मधल्या काळात वयाची सीमाही वर सरकलेली असते. वाढत्या मुलास देवाने, किंवा निसर्गाने म्हणा, ही सवलत दिली आहे. प्रौढास ती नाही. लठ्ठपणा अधिक असेल तर वैद्य लहान मुलांत महिन्यास अर्धा किलो इतकी मंद घट योजतो. उपासतापास करविणे, जेवण बंद करून पावडरीची पेये पाजणे, जाहिरातीतील काढे देणे, हे सारे वर्ज्य. त्याने उंची खुंटते. येथे शाळेतील जेवणाविषयी स्पष्ट सांगणे जरूर आहे. स्थूल मुलाचे ताट शिक्षकाने किंवा स्वयंपाकीण बाईंनी आपल्या मताने कमी करू नये. ते जेवण त्या मुलाच्या दिवसातील बहुधा सर्वांत संतुलित अन्न असते.

दुसरी गोष्ट, उपचार एकट्या मुलावर होत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी मुले आणि पालक या दोघांच्या सवयी एकत्र बदलण्याची पद्धत वापरली, आणि १९९० मध्ये दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटात पालकालाही बदलावे लागले, त्या गटातील मुलांचा सुधार टिकला. केवळ मुलाला लक्ष्य केलेल्या गटात तो टिकला नाही. त्यांनी अन्नाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे रस्त्यावरील दिव्यांसारखे वर्ग केले होते. हवे तेवढे, बेताने आणि क्वचित. आपल्या स्वयंपाकघरात हे भाषांतर कठीण नाही. पालेभाज्या, काकडी, मुळा, टोमॅटो, पातळ ताक हे हिरव्यात. भाकरी, पोळी, भात, वरण, उसळ, अंडे, दूध पिवळ्यात. भजी, शेव, फरसाण, बिस्किटे, शीतपेये आणि वेफर्स तांबड्यात. घरातील एकास वेगळे ताट वाढणे हा मार्ग नव्हे. तेलाचा डबा सर्वांसाठीच चार दिवस अधिक पुरला पाहिजे, चहातील साखर सर्वांचीच कमी झाली पाहिजे, आणि पाहुण्यांनी आणलेला पुडा आजीने गुपचूप देणे थांबले पाहिजे. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड, हे ग्रामीण कुटुंब जाणणाऱ्यास समजेल. म्हणून जाणता वैद्य आजीलाही दवाखान्यात बोलावून घेतो.

वैद्याची गाठ महिन्यातून किमान एकदा पडावी लागते. अमेरिकन बालरोग संघटनेने २०२३ मध्ये तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन परिणामकारक ठरते, असे म्हटले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावरील गर्दीत इतका वेळ कोठून आणावयाचा, हा प्रश्न खराच आहे. औषधांचे स्थान मागाहूनचे. अमेरिकेत १२ वर्षांवरील लठ्ठ मुलांसाठी २०२० मध्ये लिराग्लुटाइड आणि डिसेंबर २०२२ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांस मान्यता मिळाली. ती भूक कमी करतात, परंतु तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सवयी बदलण्याच्या जोडीनेच द्यावयाची असतात. पोटाची शस्त्रक्रिया हा कमालीच्या लठ्ठपणात, तेरा वर्षांनंतर, मोठ्या रुग्णालयात विचारात घ्यावयाचा उपाय आहे. प्राथमिक शाळेतील मुलाशी त्याचा संबंध नाही.

शाळेच्या हाती काय आहे? दिवसाकाठी ६० मिनिटे दम लागेलशी हालचाल ५ ते १७ वर्षांच्या प्रत्येक मुलास हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खो-खो, लंगडी, लगोरी यांत ती होते. पण बाद होणारे मूल कडेला बसून राहते, आणि जड मूल सर्वांआधी बाद होते. ज्यास हालचालीची गरज सर्वाधिक, त्यास ती सर्वांत कमी मिळते. म्हणून बाद झालेल्याने पटांगणास एक फेरी घालून पुन्हा डावात यावे, असा नियम केलेला बरा. तोही सर्वांसाठी. ‘ढोल्या’, ‘जाड्या’ ही नावे शिक्षकाच्या तोंडून एकदा निघाली, की ती वर्गाची मालमत्ता होतात. अशी थट्टा सोसणारी मुले खेळ टाळतात, एकांतात अधिक खातात, आणि त्यांचे वजन वाढतच जाते. वजन घेताना आकडा मोठ्याने न सांगता वहीत लिहावा.

शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अति मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे. दुकानदार पुष्कळदा सरपंचाचा नातलग असतो, ही अडचण विनियमात लिहिलेली नाही. तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडता येतो, आणि त्याच दुकानात फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवण्याचे वळण लावता येते. वाढदिवसास चॉकलेटांऐवजी पेरू वा बोरे वाटण्याची प्रथाही शाळेने पाडली तर पडू शकते.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी शाळेत येते. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. त्या दिवशी घाईत मुलांची रांग लावण्यापेक्षा आदल्या आठवड्यात काही नावे निवडून ठेवावीत. ज्याची मान काळवंडली आहे, जो वर्गात पेंगतो, ज्याची उंची वर्षभर वाढली नाही, ज्याच्या घरी आईस वा वडिलांस मधुमेह आहे, अशा मुलांची ती यादी असावी. पथक येण्यास अवकाश असेल तर पालकांस बाजूला घेऊन बोलावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे बंद पाकिटात चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत मुलाचे वय आणि जन्मतारीख खरी की अंदाजाची, गेल्या तीन वर्षांतील उंची आणि वजन तारखांसह, जन्माचे वजन माहीत असल्यास ते, चालू औषधे, आणि शिक्षकाच्या नजरेस आलेले लक्षण, इतकेच लिहावे. निदान लिहू नये. ते वैद्याचे काम आहे.